मळमळीवर नेइग्वान: मनगटाजवळचा बिंदू नेमका कसा शोधायचा आणि कसा दाबायचा

वरंधा, आंबा किंवा कशेडी घाट सुरू झाला की ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि पोटात ढवळायला लागतं, त्यांना "मनगट दाबून धर" असा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नुसतं मनगट दाबून काही होत नाही. चिनी वैद्यकात मळमळीसाठी सांगितलेला बिंदू मनगटावर नाहीच. तो मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, दोन स्नायुबंधांच्या मधल्या खोबणीत आहे. त्याचं नाव नेइग्वान. ॲक्युपंक्चरच्या जागतिक क्रमांकनात तो पीसी-६, आणि जुन्या पुस्तकांत किंवा शोधनिबंधांत पी-६ म्हणूनही भेटतो.

हा बिंदू मी अनेकांना शिकवला आहे. शिकवताना सगळ्यात जास्त वेळ जागा शोधण्यातच जातो, आणि तो तसा जायलाही हवा. ज्यांना "काहीच फरक पडला नाही" असं वाटतं, त्यांतले बरेच जण भलतीकडेच दाबत असतात. कुणी मनगटाच्या घडीवर दाबतं, कुणी नाडी बघतात तिथे, कुणी दुसऱ्याच्या हातावर आपल्या बोटांनी अंतर मोजतं. म्हणून या लेखात जागेबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. दाबायची रीत त्यामानानं सोपी आहे.

आधी माप समजून घ्या

चिनी वैद्यकात अंतर मोजायचं एकक म्हणजे त्सुन. ते सेंटिमीटरसारखं ठरलेलं नसतं, ज्याच्या शरीरावर मोजायचं त्याच्याच शरीरावरून काढायचं असतं. अंगठ्याच्या सांध्यापाशी जेवढी रुंदी असते तो एक त्सुन. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र जुळवली की त्यांची रुंदी दोन त्सुन. करंगळीसह चारही बोटं जुळवली की तीन. नेइग्वान मनगटाच्या घडीपासून दोन त्सुनांवर आहे, म्हणजे तीन बोटं.

बोटं कुणाची, हा इथला कळीचा प्रश्न. सहा वर्षांच्या मुलीला गाडी लागत असेल तर बोटं त्या मुलीची. बाबांची तीन बोटं तिच्या हातावर ठेवली तर बिंदू बराच वर, भलतीकडेच जाईल. तिचाच दुसरा हात घ्यायचा आणि तिच्याच बोटांनी मोजायचं.

याची फेरतपासणी करायची एक रीत आहे आणि ती मला फार उपयोगाची वाटते. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचं अंतर नेहमी बारा त्सुन धरतात. म्हणजे दोन त्सुन हा त्याचा सहावा भाग झाला. शिंप्याच्या टेपनं हे अंतर मोजा आणि सहाने भागा. ते चोवीस सेंटिमीटर भरलं तर बिंदू घडीपासून चार सेंटिमीटरवर येईल. बोटांनी काढलेली जागा आणि टेपनं काढलेली जागा यांत थोडा फरक पडला तर टेपचं माप धरा. बोटं जाड किंवा बारीक असू शकतात, हाताचं प्रमाण जास्त भरवशाचं.

जागा शोधायची कशी

१. डावा हात उताणा करून मांडीवर किंवा टेबलावर ठेवा. तळवा वर, बोटं सैल, कोपर थोडं वाकलेलं. घड्याळ, बांगड्या, कडं, मनगटाला बांधलेला दोरा, जे असेल ते काढा किंवा वर सरकवा.

२. मनगटावरच्या आडव्या घड्या बघा. बहुतेकांना दोन किंवा तीन असतात. त्यांतली तळव्याला सगळ्यात जवळची घडी धरायची. इथेच पहिली गफलत होते. वरची घडी धरली तर बिंदू कोपराच्या दिशेनं जवळजवळ एक सेंटिमीटर सरकतो.

३. उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून डाव्या हातावर आडवी ठेवा. अनामिकेची कड बरोबर घडीवर टेकलेली आणि तर्जनी कोपराच्या बाजूला. तर्जनीची वरची कड जिथे संपते ती रेषा पेनानं हलकेच काढून ठेवा. बिंदू या रेषेवर कुठेतरी आहे. आता फक्त आडव्या दिशेनं तो नेमका कुठे, ते ठरवायचं.

४. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत, स्वतःकडे वाकवा. हाताच्या मधोमध एक बारीक स्नायुबंध वर उठलेला दिसेल. हा पाल्मारिस लाँगस. आता मूठ वळून मनगट तसंच वाकवा. या स्नायुबंधाच्या शेजारी, अंगठ्याच्या बाजूला, दुसरा थोडा जाड स्नायुबंध हाताला लागेल. तो फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, दोन स्नायुबंध सापडले की झालं.

५. हात पुन्हा सैल सोडा. स्नायुबंध दिसेनासे होतील, पण आता ते कुठे आहेत हे बोटांना माहीत झालं आहे. दोघांच्या मधल्या खोबणीत, पेनानं काढलेल्या रेषेवर अंगठ्याचं टोक ठेवा. हाच नेइग्वान.

चौथ्या पायरीवर काही जण अडतात, कारण त्यांना मधला स्नायुबंध सापडतच नाही. घाबरू नका. पाल्मारिस लाँगस जन्मतःच नसणारी माणसं बरीच आहेत. काहींना तो एका हाताला असतो, दुसऱ्याला नसतो. हाताच्या ताकदीवर त्याचा काही परिणाम होत नाही. अशा वेळी अंगठ्याकडचा जाड स्नायुबंध शोधायचा आणि त्याच्या लगेच आतल्या, म्हणजे करंगळीकडच्या अंगाला दाबायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागांचं जे प्रमाणीकरण प्रसिद्ध केलं, त्यातली नेइग्वानची जागाही याच दोन स्नायुबंधांच्या आधारे सांगितलेली आहे.

दोन शेजाऱ्यांशी गल्लत करू नका. जाड स्नायुबंधाच्या पलीकडे, अंगठ्याच्या बाजूला, बोटाखाली ठोके लागले तर तुम्ही नाडीवर आहात. तिथून आत सरका. आणि मनगटाच्या घडीवरच मधोमध दाबत असाल तर तो दालिंग, म्हणजे पीसी-७. चिनी वैद्यकातल्या त्याच ऊर्जामार्गावरचा, पण वेगळा बिंदू.

बिंदू सापडला हे कशावरून ओळखायचं

अंगठा सरळ खाली दाबत जा. नेमक्या जागी आलात की आजूबाजूच्या भागापेक्षा थोडी वेगळी संवेदना जाणवते: बोथट ठसठस, जडपणा, किंवा आत खोलवर काहीतरी दाबलं गेल्यासारखं. चिनी वैद्य याला द-छी म्हणतात आणि सुई टोचतानाही याच जाणिवेची वाट बघतात. जडपणा तळव्याकडे किंवा कोपराकडे पसरला तरी हरकत नाही.

मात्र अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात झिणझिण्या आल्या किंवा करंट लागल्यासारखं झालं तर दाब लगेच कमी करा. नेइग्वानच्या बरोबर खाली मीडियन नर्व्ह जाते. ती दाबली गेल्याची ही खूण आहे. मज्जातंतूवर जोर लावल्यानं बिंदूचा गुण वाढत नाही, फक्त हात बधिर होतो. ज्यांना कार्पल टनेलचा त्रास आहे, म्हणजे रात्री बोटं बधिर होऊन जाग येते, त्यांनी अगदी हलका दाब द्यावा किंवा या बिंदूच्या वाटेला न जाणंच बरं.

दाबायचं कसं

अंगठ्याचं टोक बिंदूवर, आणि उरलेली चार बोटं हाताच्या मागून आधाराला. अशा पकडीत जोर बरोबर खाली जातो आणि अंगठाही दुखत नाही. नख वाढलेलं असेल तर कापून घ्या. दाब इतकाच, की ठसठस जाणवावी पण तोंड वेडंवाकडं होऊ नये. दाबून धरा आणि त्याच जागी अगदी लहान गोल फिरवा. कातडीवर अंगठा घासायचा नाही, कातडीसकट खालचा भाग हलवायचा. असं दोन ते तीन मिनिटं करा, मग दुसऱ्या हातावर. श्वास संथ ठेवा आणि खांदे खाली सोडा.

डावा हात की उजवा, यावर कुणी ठाम मतं देतं. मी दोन्ही हातांवर करायला सांगते. मळमळ चालूच राहिली तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा करा. दिवसातून चार-पाच वेळा करायला हरकत नाही, फक्त त्या जागी कातडी लाल होऊन दुखायला लागली की थांबा.

लहान मुलांना दाब निम्म्याहून कमी, एका हातावर मिनिटभर पुरे. मूल हात मागे ओढू लागलं तर सोडून द्या.

वेळ साधणं

माझ्या मते जागेनंतर महत्त्व कशाला असेल तर ते वेळेला. उलटी तोंडाशी आली असताना दाबून फारसं काही हाती लागत नाही. मळमळ सुरू होण्याआधी किंवा अगदी पहिल्या चाहुलीला दाबायचं. ती चाहूल प्रत्येकाची ठरलेली असते: वारंवार जांभई, तोंडात लाळ साचणं, कपाळावर गार घाम, बोलणं नकोसं होणं. आपली चाहूल ओळखून ठेवा.

प्रवासात गाडी लागते ती आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे. कान सांगतो की शरीर हलतंय, आणि हातातल्या मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूला हा विसंवाद झेपत नाही. म्हणून एकटा नेइग्वान पुरत नाही. महाडहून वरंध्यानं भोरकडे निघाला असाल किंवा पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वरला जात असाल, तर घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी एकदा दोन्ही हातांवर दाबून घ्या. गाडीत शक्यतो पुढे बसा, एसटीत मागच्या चाकावरची सीट टाळा. नजर दूरवरच्या रस्त्यावर ठेवा, काच थोडी उघडा, पोट ना रिकामं ना तुडुंब. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत बोट लागत असेल तर मधल्या भागात बसून क्षितिजाकडे बघा. डॉक्टरांनी प्रवासाआधी घ्यायची गोळी दिली असेल तर ती जरूर घ्या. गोळी आणि बिंदू एकमेकांच्या आड येत नाहीत.

गरोदरपणातल्या मळमळीत बहुतेकींना सकाळ जड जाते. अंथरुणातून उठायच्या आधी, पडल्या पडल्याच दोन्ही हातांवर दाबा, मग कोरडं काहीतरी, बिस्किट किंवा चुरमुरे, खाऊन मग उठा. नेइग्वान गरोदरपणात चालतो. पण इंटरनेटवरच्या चित्रांत त्याच्या शेजारी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला हगू आणि घोट्याच्या वरचा सानयिनच्याव हे बिंदूही दाखवलेले असतात. ते दोन्ही बिंदू परंपरेनं गरोदर बाईला वर्ज्य मानलेले आहेत, तेव्हा चित्र बघून सगळेच दाबत सुटू नका.

केमोथेरपीच्या दिवशी औषध चढवायच्या आधी आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत अधूनमधून दाबता येतं, डॉक्टरांनी दिलेलं उलटीचं औषध चालू ठेवूनच. ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना विचारा. सलाईनची सुई आणि रक्तदाबाचा पट्टा कुठल्या हाताला लावणार हे त्यांना ठरवायचं असतं, आणि तुमचा मनगटी पट्टा (त्याबद्दल पुढे) त्यांच्या मधे यायला नको.

मनगटी पट्टा

औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन विणलेले लवचिक पट्टे मिळतात. त्यांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं अर्धगोल बटण असतं. ते बटण नेइग्वानवर बसलं की सतत हलका दाब राहतो आणि हात मोकळे राहतात. लांबच्या प्रवासात आणि गरोदरपणात हे सोयीचं पडतं.

पट्टा घालतानाही जागा शोधायच्या त्याच पाच पायऱ्या. बटण दोन स्नायुबंधांच्या मधे येतंय ना ते बघा, नुसता मनगटाभोवती पट्टा असून उपयोग नाही. निघायच्या अर्धा तास आधी दोन्ही हातांना घाला. तासाभरात तो घडीकडे सरकतो, म्हणून अधूनमधून तपासा. बोटं गार किंवा निळसर पडली, सुजली, बधिर झाली तर तो घट्ट आहे, लगेच काढा. घरच्या घरी राजम्याचा दाणा किंवा शर्टाचं बटण चिकटपट्टीनं बिंदूवर लावूनही काम भागतं, फक्त चिकटपट्टी हाताभोवती गुंडाळू नका.

चिनी वैद्यक काय सांगतं

आजार पोटाचा आणि बिंदू हातावर, हे नव्यानं ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. चिनी वैद्यकाच्या मांडणीत शरीरभर छीचे, म्हणजे जीवनशक्तीचे, मार्ग वाहतात. त्यांतला एक हृदयावरणाचा. त्यावर नऊ बिंदू आहेत. तो छातीत सुरू होतो, एक फाटा छाती आणि पोटामधल्या पडद्यातून खाली पोटात उतरतो आणि दुसरा काखेजवळून बाहेर पडून हाताच्या आतल्या बाजूनं, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे हातावरचा मार्ग छाती आणि पोट या दोघांशी आधीच जोडलेला. मळमळीची त्यांची उपपत्तीही साधी आहे. जठरातल्या छीनं खाली जायला हवं. ती उलट वर उसळली की मळमळ, ढेकर, उचकी, उलटी. नेइग्वान ती उसळी शांत करून खाली वळवतो अशी धारणा.

हा बिंदू जुना आहे. चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ मानल्या जाणाऱ्या ह्वांगदी नेइजिंगच्या लिंगश्यू या भागात, मार्गांचं वर्णन करणाऱ्या दहाव्या प्रकरणात, नेइग्वानची जागा दिलेली आहे: मनगटापासून दोन त्सुन, दोन स्नायुबंधांच्या मधे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना हा मजकूर, आणि आजही आपण नेमकं तेच करतो. पुढच्या काळात छाती आणि हृदयाच्या तक्रारींसाठी पहिली आठवण याच बिंदूची काढायची, अशी वैद्यांच्या तोंडी ओळच झाली. पोटाच्या तक्रारीत त्याच्या जोडीला पावलाच्या आतल्या कडेवरचा गोंगसुन घेतात. मन सैरभैर असणं, छातीत धडधड, झोप न लागणं यांसाठीही नेइग्वान सांगितलेला आहे.

तपासून पाहिलेलं काय आहे

परंपरेनं सांगितलेलं सगळं सारखंच सिद्ध झालेलं नाही, आणि हा फरक वाचकाला माहीत असायला हवा. नेइग्वानचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो ऑपरेशननंतरच्या मळमळ-उलटीवर. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याबद्दल लिहिलं आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या बिंदूकडे वळलं. पुढे त्यांनी गरोदरपणातल्या मळमळीवरही काम केलं. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या जागी बधिरतेचं औषध आधी टोचलं तर बिंदूचा परिणाम उरला नाही. म्हणजे जे काही घडतं ते मज्जातंतूंच्या मार्गानं घडत असावं.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, ऑपरेशन आणि केमोथेरपीनंतरच्या मळमळ-उलटीवर ॲक्युपंक्चरचे आशादायक निष्कर्ष असल्याचं नोंदवलं गेलं. २०१५ मध्ये, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. खोट्या उपचाराच्या तुलनेत, म्हणजे दुसरीकडेच दाबलेल्या किंवा बटण नसलेल्या पट्ट्याच्या तुलनेत, नेइग्वान उत्तेजित केलेल्यांमध्ये मळमळीची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं आणि उलटीची सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. उलटीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा दोघांत ठळक फरक दिसला नाही. त्याच आढाव्यानं पुराव्याचा दर्जा मात्र खालचा ठरवला, कारण चाचण्यांचे निकाल एकमेकांपासून बरेच वेगळे होते आणि कित्येकांच्या आखणीत त्रुटी होत्या. बिंदू दाबल्याचं रुग्णाला कळतंच, त्यामुळे असे अभ्यास काटेकोर करणं मुळातच अवघड आहे.

गाडी लागणं आणि गरोदरपणातली मळमळ यांवरचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काहींना चांगला उतार पडतो, काहींना नाही. खर्च नाही, अपाय जवळजवळ नाही, म्हणून करून बघण्यात तोटा नाही असं माझं मत आहे. पण नेइग्वान दाबून वजन उतरतं, रक्तदाबाची गोळी बंद करता येते, हृदयातला अडथळा निघतो, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

इथे बिंदू दाबत बसू नका

हा भाग सगळ्यात जपून वाचा. नेइग्वान छातीसाठी सांगितलेला आहे हे ऐकून छातीत दुखताना तो दाबत बसणं जिवावर बेतू शकतं. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणं, दम लागणं, गार घाम आणि सोबत मळमळ, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत फारसं न दुखताही, नुसती मळमळ, घाम आणि गळून गेल्यासारखं वाटूनही तो येतो. आपल्याकडे "पित्त झालंय" म्हणून अशा माणसाला घरी पडायला सांगतात. तसं करू नका. १०८ ला फोन करा आणि हृदयाचा आलेख काढता येईल अशा रुग्णालयात जा.

डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, पोटात एकाच जागी वाढत जाणारं दुखणं, मान ताठ होऊन ताप, किंवा अचानक आलेली तीव्र डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर डॉक्टर आधी. लहान मुलाला उलट्या-जुलाब होत असतील तर जलसंजीवनी घोटाघोटानं देत राहा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं तर लगेच दाखवा. गरोदर बाईच्या पोटात दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद झाली असेल किंवा वजन उतरत असेल तर तिला सलाईनची गरज असू शकते.

काही हातांना मुळीच हात लावायचा नाही. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज असलेला किंवा येण्याचा धोका असलेला हात, जखम, पुरळ किंवा हाड मोडलेला हात. अशा वेळी दुसरा हात वापरा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाब हलका ठेवा, नाहीतर काळंनिळं पडतं. पेसमेकर असलेल्यांनी विजेचे धक्के देणारे मनगटी यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

सुई लावून घ्यायची असेल तर

वरचं सगळं बोटानं करायचं. सुई स्वतः लावायची नाही. नेइग्वानवर सुई साधारण अर्धा ते एक त्सुन आत जाते आणि तिथेच मीडियन नर्व्ह आहे. जागेचा आणि कोनाचा अंदाज चुकला तर मज्जातंतूला इजा होऊ शकते.

भारतात ॲक्युपंक्चर रुजण्याची वाट एका अर्थानं सोलापूरहून सुरू होते. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसूंनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतलं आणि कलकत्त्यात ते सुरू केलं. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्याआधीच २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर कौन्सिल काम करतं. तेव्हा उपचारकाला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. हाताला आधी स्पिरिट लावलेलं हवं, आणि वापरलेली सुई धारदार वस्तूंच्या बंद डब्यात जायला हवी. रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, फीट येण्याचा इतिहास, पेसमेकर, हे सगळं विचारलं गेलं नाही तर आपणहून सांगा. उपाशीपोटी जाऊ नका. पहिल्या वेळी झोपूनच सुई लावून घ्या, कारण बसलेल्या माणसाला सुई बघून भोवळ येऊ शकते. सुई आत गेल्यावर जडपणा, बोथट ठसठस येणं अपेक्षित आहे. पण मधल्या बोटाकडे झटक्यासारखा करंट गेला तर हात हलवू नका आणि तोंडानं लगेच सांगा. जाणकार उपचारक सुई थोडी मागे घेऊन तिची दिशा बदलतो, आणि करंट थांबला की मगच पुढे जातो.